ड्रायव्हर पाहिजे!

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, मागे कोणीतरी उभं असेल! बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. मराठी ऐकलं भरपूर, बोलले बऱ्यापैकी, पण लिहिलं ते फक्त पेपरात, तेही मार्कांपुरतं. त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ माझे नाहीत, संपादक मंडळाचे आहेत, हे आधीच कबूल करते. मग मी लिहायला बसलेच का? तर गेल्या दिवाळीत जे झालं ते रूममेटला इंग्रजीत सांगून पाहिलं आणि त्यातली सगळी मजा उडून गेली. कारण त्यातले अर्धे संवाद वऱ्हाडी आहेत, आणि वऱ्हाडीचं इंग्रजी होत नाही.

आमचं मूळ गाव रिठद. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. हॉस्टेलवर कोणी विचारलं आणि मी वाशिम म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे नवी मुंबईतलं वाशी ना?" नाही हो. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा, सोयाबीन-तुरीचा. आई-बाबा नोकरीमुळे शहरात, पण काका-काकू, चुलतभाऊ आणि सातवीतली धाकटी चुलतबहीण रिठदलाच. दिवाळी तिथेच करायची हा आमच्या घरचा नियम.

दादाचं म्हणजे माझ्या चुलतभावाचं गावात छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाईन फॉर्म. शिष्यवृत्तीच्या दिवसांत महाडीबीटीचे अर्ज भरायला कॉलेजची पोरं त्याच्याकडे येतात. एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि एक जुना डेस्कटॉप एवढंच त्याचं भांडवल. डेस्कटॉप कोणाच्या तरी ऑफिसातून निघालेला, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. दिवाळीच्या तीन आठवडे आधी त्याची हार्ड डिस्क गेली. दादाचा फोन आला. वाशिमला नेऊन नवीन डिस्क टाकतो, विंडोज मारून आणतो म्हणाला.

आणि इथे मी तोंड उघडलं.

"पैसे घालवू नको रे दादा. मी दिवाळीला येतेच आहे. एसएसडी घेऊन येते, त्यावर लिनक्स टाकून आणते. फुकट, व्हायरस नाही, एकदम फास्ट." दादा दोन सेकंद गप्प होता. मग म्हणाला, "बरं. तू म्हणते तर थांबतो." ते "थांबतो" मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. त्यावर तीन आठवडे त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद राहणार होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माझी आयडिया मात्र हुशारीची होती, हे मी अजूनही म्हणेन. रिठदला नेट कधी असतं, कधी नसतं. लाईन जाते. तिथे बसून शेकडो एमबी डाऊनलोड करण्यापेक्षा हॉस्टेलच्या वाय-फायवर सगळं आधीच करून न्यायचं. रूममेटकडे यूएसबीला जोडायची डिस्कची डबी होती. त्या डबीत नवीन एसएसडी बसवली, माझ्या लॅपटॉपला यूएसबीने जोडली आणि तिच्यावर डेबियन टाकलं. दादाचं मशीन जुनं, म्हणून लॅपटॉपही जुन्या लेगसी मोडवर नेला, ग्रब त्या डिस्कवरच बसेल याची काळजी घेतली. लिबरऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर, युनिकोड मराठी फॉन्ट, इन्स्क्रिप्टचा की-बोर्ड, सगळं टाकलं. दोन ज्युनिअर पोरी बघायला बसल्या होत्या. आता प्रेक्षक असले की साधं इन्स्टॉल कसं करणार? मी एक्स्पर्ट मोड निवडला!

एक्स्पर्ट मोडमध्ये डेबियन प्रत्येक गोष्ट विचारतं. एका ठिकाणी त्याने विचारलं की बूट इमेजमध्ये ड्रायव्हर कोणते घालू? जेनेरिक, म्हणजे मिळतील ते सगळे? की टार्गेटेड, म्हणजे या मशीनला लागतील तेवढेच? खाली समजावूनही सांगितलं होतं की जेनेरिक इमेज आकाराने मोठी होते, पण जवळपास कुठल्याही हार्डवेअरवर चालते. मी ज्युनिअर पोरींना म्हटलं, "नेहमी टार्गेटेड घ्यायचं. सिस्टिम हलकी राहते." आणि एंटर मारला.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे चार दिवस झोपेत ऐकू येत होतं.

धनत्रयोदशीला रिठदला पोचले. चहा न घेता दुकानात गेले, कॅबिनेट उघडलं, जुनी डिस्क काढली, एसएसडी लावली. काका, काकू, दादा, धाकटी आणि शेजारचे दोघंतिघं असे सगळे उभे. "आमची पोरगी इंजिनिअर हाय," असं काका कोणाला तरी सांगत होते. बटण दाबलं. ग्रबचा निळा मेनू आला. मी विजयी मुद्रेने मागे बघितलं. काळा पडदा झाला, दोन-चार ओळी आल्या आणि मग... काहीच नाही. अर्ध्या मिनिटाने इंग्रजीतला एक परिच्छेद आला, त्याच्याखाली अमुक यूएसआयडीची डिस्क अस्तित्वातच नाही असा इशारा, आणि शेवटी कंसात एकच शब्द लिहिलेला प्रॉम्प्ट. इनिटरॅमएफएस.

"झालं काय वं चालू?" काकांनी विचारलं.

"हो, म्हणजे... होतंय."

आता हे काय असतं ते थोडं सांगते. कॉम्प्युटरवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी वाचाच, कारण पुढे पंप येणार आहे. बटण दाबल्यावर आधी बायोस जागं होतं. ते डिस्कच्या सुरुवातीला बसलेल्या ग्रबला उठवतं. ग्रब दोन फाईली मेमरीत आणून ठेवतो. एक कर्नल, दुसरी बूट इमेज. इथपर्यंत डिस्क वाचायचं काम ग्रब बायोसकडून करून घेतो, म्हणून मेनू नेहमी दिसतो. पण एकदा कर्नलने ताबा घेतला की तो बायोसला विचारत नाही. डिस्कशी बोलायला त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. आणि तो ड्रायव्हर ठेवलेला कुठे असतो? त्याच डिस्कवर! म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. यावर उपाय म्हणून ही बूट इमेज. ती म्हणजे एक छोटंसं गाठोडं. मेमरीतच उघडतं, त्यात जरुरीचे ड्रायव्हर असतात, ते डिस्क उघडून देतात आणि मग खरी सिस्टिम सुरू होते. १९९६ मध्येच वर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेरमेन यांनी या इनिटआरडीची माहिती कर्नलच्या कागदपत्रांत लिहून ठेवली आहे. २००३ च्या डिसेंबरात २.६ कर्नल आला, त्यात याचंच सुधारलेलं रूप आलं, इनिटरॅमएफएस. नाव बदललं, गाठोडं तेच.

हे सगळं मला माहीत होतं, असं नाही. एवढं नीट तर चार दिवसांनी कळलं. त्या संध्याकाळी मी काय केलं? जे आपण सगळे व्हायवाला करतो तेच केलं. घाबरून सुचेल ते.

आधी साटाची केबल बदलली. मग दुसऱ्या पोर्टला लावली. मग वाटलं डिस्कला जागं व्हायला वेळ लागत असेल, म्हणून ग्रबमध्ये ई दाबून रूटडिलेची किंमत वाढवली. तीस सेकंद. मग साठ. साठ सेकंद काळ्या पडद्याकडे बघणं म्हणजे किती वेळ, हे मागे पाच माणसं उभी असल्याशिवाय कळत नाही. मग बायोसमध्ये जाऊन डिस्कचा मोड बदलला. काही फरक नाही. परत जुना केला. मग शंका आली की यूएसआयडीच चुकली असेल... बघा, लिहितानाही चुकतेय, यूयूआयडी. छत्तीस अक्षरांचं ते डिस्कचं ओळखपत्र. ते मी ग्रबमधून कागदावर उतरवून घेतलं आणि पडद्यावरच्याशी एकेक अक्षर ताडून पाहिलं. बरोबर होतं. तोपर्यंत प्रेक्षक पांगले होते. काकू तेवढ्या थांबल्या होत्या. "जेवून घे बाई आधी. मशीन कुठी पळून जाते काय?"

रात्री दुकानाचं शटर ओढताना काउंटरवर एक वही दिसली. दादाचं अक्षर. नावं आणि फोन नंबर, आणि प्रत्येकापुढे काम. शिष्यवृत्ती. बायोडाटा. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. वर लिहिलेलं, "दिवाळीत सांगतो." पान-सव्वापान भरलं होतं. काही नावांवर काट मारलेली होती. मी विचारलं, "ही कामं झाली का?" दादा म्हणाला, "नाई, ते रिसोडला जाऊन करून आले." एवढंच. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

नरक चतुर्दशीला पहाटे उठून, अंघोळ करून, सगळे फटाके उडवत असताना मी परत दुकानात. धाकटी पण आली मागे-मागे. तिचं झेडपीच्या शाळेत इंग्रजी वाचायचा सराव चाललेला असतो, त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यापासून खताच्या पिशवीपर्यंत सगळं ती मोठ्याने वाचते. मी मशीन चालू केलं. तोच परिच्छेद. मी वैतागून डोळे मिटले, आणि मागून तिचा आवाज आला, अक्षर लावत-लावत. "कॉ-मन प्रॉब्लेम्स... बूट आर्ग्ज... चेक रूट-डि-ले... मिसिंग मॉड्यूल्स..." मग थांबून म्हणाली, "ताई, मिसिंग म्हंजे हरवलेलं ना? मंग मॉड्यूल्स म्हंजे काय?"

मित्रांनो, मी बारा वर्षं इंग्रजी माध्यमात काढली. आणि आदल्या दिवशी तो परिच्छेद मी निदान वीस वेळा पाहिला होता. पाहिला होता, वाचला एकदाही नव्हता! लाल-पांढऱ्या अक्षरांतली चूक दिसली की आपली नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. तिथे "नाही" लिहिलंय एवढं कळलं की आपण केबल हलवायला लागतो. मधल्या ओळींत बिचाऱ्याने तीन कारणं सांगितली होती, आणि ती तपासायला कोणत्या कमांड द्यायच्या तेही सांगितलं होतं. तिसरं कारण, हरवलेली मॉड्यूल्स.

त्याने सांगितलेल्या कमांड दिल्या. की-बोर्ड जुना गोल पिनेचा होता म्हणून तिथे चालला, हे आमचं नशीब. डिस्कचं नाव एसडीए असायला हवं. डेव्ह फोल्डरमध्ये एसडीने सुरू होणारं काहीच नव्हतं. म्हणजे "ही डिस्क नाही" असं नव्हे, तर त्याच्या लेखी कॉम्प्युटरला कुठलीच डिस्क नव्हती. मॉड्यूलची यादी काढली. यूएसबी स्टोरेज होतं. साटा डिस्क ओळखणारं एएचसीआय नव्हतं. मोडप्रोब करून बोलवायला गेले, तर असं मॉड्यूल सापडत नाही म्हणाला.

आणि तेव्हा मला हॉस्टेलची ती रात्र आठवली. टार्गेटेड. या मशीनला लागतील तेवढेच. तेव्हा एसएसडी यूएसबीच्या डबीत होती ना! त्यामुळे इमेज तयार करताना डेबियनने पाहिलं की आपली डिस्क यूएसबीवरून येते, आणि इमानदारीत यूएसबीचे ड्रायव्हर बांधून घेतले. साटाचे कशाला घेईल? त्याला मी सांगितलंच होतं, हलकं ठेव म्हणून. आणि ती डबी रूममेटची, ती हॉस्टेलवर.

काका दारातून डोकावले. "काय म्हन्ते ते?"

"काका, त्याच्यात ड्रायव्हर नाहीये."

"ड्रायव्हर? अवं मंग कालपासून सांगायचं नाई का! आपल्या ट्रॅक्टरवरचा पोरगा रिकामाच हाय दिवाळीचा. बोलावू काय?"

धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. हा जोक नंतर गावभर झाला. भाऊबीजेपर्यंत मला भेटणारा प्रत्येक माणूस विचारत होता, "भेटला काय वं ड्रायव्हर?"

कारण कळलं, पण उपाय? डिस्क उघडायला दुसरी कुठलीतरी सिस्टिम हवी. डेबियनच्या पेन ड्राईव्हमध्ये रेस्क्यू मोड असतो. माझा पेन ड्राईव्ह मी निघायच्या आधी पुसून त्यात पिक्चर भरून एका मैत्रिणीला देऊन आले होते. इमेजची फाईल मात्र लॅपटॉपच्या डाऊनलोड्समध्ये होती. म्हणजे हवा होता फक्त एक रिकामा पेन ड्राईव्ह. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रिठदमध्ये. दादाच्या दुकानातला विकाऊ एकमेव पेन ड्राईव्ह लॅपटॉपला दिसतच नव्हता. संपूर्ण घरात आणखी एकच निघाला, तो काकांच्या ट्रॅक्टरच्या टेपला लावलेला, गाण्यांनी भरलेला. तो मागायची हिंमत होईना. काका दिवसभर शेतात, आणि तो पेन ड्राईव्ह म्हणजे त्यांचा सगळा करमणुकीचा कारभार.

त्या रात्री काकांबरोबर शेतात गेले. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मला बॅटरी धरायला नेलं. थंडी बऱ्यापैकी, विहिरीवर काळोख. काकांनी लगेच मोटर चालू केली नाही. आधी पंपाच्या वरचं झाकण उघडलं आणि बादलीने त्यात पाणी ओतायला लागले. एक बादली, दुसरी बादली. मी विचारलं, विहिरीत एवढं पाणी असताना वरून कशाला ओतताय?

"पाजा लागते त्याले आधी. खालचा फुटव्हॉल्व्ह गळते, पाइपातलं पाणी उतरून जाते. मंग पंपात हवा राह्यते. हवेवर तो नुसता फिरते, पाणी नाई ओढत. पाणी ओढाले आधी पोटात पाणी पाह्यजे."

मेकॅनिकलवाल्यांनो, तुमचं प्रायमिंग! दुसऱ्या वर्षाला फ्लुईडच्या पेपरात मीही ते लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. पण विहिरीच्या काठावर बॅटरी धरून उभं असताना माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. पाणी काढायला पाणी लागतं. डिस्क वाचायला डिस्कवरचा ड्रायव्हर लागतो. आणि मधली ही बादली म्हणजे बूट इमेज. ती बादली मी हॉस्टेलवर भरली होती, दुसऱ्याच पंपाच्या मापाची.

हे मी काकांना जमेल तसं सांगितलं. वऱ्हाडी-मराठी-इंग्रजी अशी खिचडी करून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पंपाचं झाकण घट्ट बसवलं, स्टार्टरचं बटण दाबलं, पाइपाच्या तोंडातून आधी फुरफुर आणि मग धो-धो पाणी आलं. मग म्हणाले, "मंग बादली भर की नवीन. अडलं कायचं?"

"पेन ड्राईव्ह."

"कोनता? गान्याचा? घे ना मंग! त्याच्यात का सोनं हाय?"

सकाळी आधी त्यांची सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवून घेतली. त्यावर डेबियन चढवलं. दादाच्या मशीनला लावलं, त्यातून बूट केलं, रेस्क्यू मोड निवडला. पहिल्याच पानावर भाषांची यादी आली. मी सवयीने इंग्लिशवर एंटर मारणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब, खाली मराठी दिसते." आहे खरं! डेबियनचं ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीतही चालतं. "मराठीच घे," दादा म्हणाला. "मले बी कळू दे काय करते ते." मग काय, पुढची पंधरा मिनिटं उलटी गंगा. विभाजन म्हणजे पार्टिशन, हे दादाने मला सांगितलं. मी अडखळत वाचत होते आणि तो पटापट पुढे जात होता. टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला असले शब्द रोजचेच.

रेस्क्यू मोडला डिस्क लगेच दिसली. त्या क्षणी जो जीव भांड्यात पडला! डिस्क ठीक, केबल ठीक, मशीन ठीक. त्याच डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शेल उघडलं. इमेज कशी बनवायची हे ठरवणारी फाईल ईटीसीखालच्या इनिटरॅमएफएस-टूल्समध्ये असते, ती उघडली. तिच्यात मॉड्यूल्सपुढे लिहिलं होतं "मोस्ट". म्हणजे सगळे! मी चक्रावले. मग माझी थिअरी चुकली? पुन्हा केबल? दहा मिनिटं तशीच बसले. मग परिच्छेद पूर्ण वाचायचा नवीन धडा आठवला आणि शेजारचं कॉन्फ-डी फोल्डर उघडलं. आत ड्रायव्हर-पॉलिसी नावाची एक छोटी फाईल. इन्स्टॉलरने माझं उत्तर तिथे लिहून ठेवलं होतं. मॉड्यूल्स बरोबर "डेप". आणि वर टीपही होती की ही सेटिंग मुख्य फाईलच्या वरचढ आहे. साहेबाने मोठ्या फाईलीवर काहीही लिहिलेलं असो, खालच्या बाबूच्या चिठ्ठीवरच काम चालतं, तसं.

खरं तर ती चिठ्ठी तशीच ठेवून इमेज पुन्हा बनवली असती तरी त्या दिवशी मशीन चालू झालं असतं. कारण आता डिस्क साटावर होती, त्यामुळे "लागतील तेवढे" मध्ये एएचसीआय आपोआप आलं असतं. पण उद्या दादाचा मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर परत हाच तमाशा. म्हणून "डेप" खोडून "मोस्ट" लिहिलं. जुनी इमेज दुसऱ्या नावाने कॉपी करून ठेवली. आणि अपडेट-इनिटरॅमएफएस टाईप करायला लागले तेवढ्यात...

लाईन गेली.

यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली. दीड तास आम्ही तिघं दुकानाच्या पायरीवर चिवडा खात बसलो. कमांड अर्धी झालेली असताना लाईन गेली असती तर, हा विचार मी मोठ्याने केला नाही. दादाने वही आणून मांडीवर ठेवली होती आणि काट न मारलेली नावं मोजत होता. सोळा होती.

लाईन आल्यावर सगळं पहिल्यापासून. रेस्क्यू मोड, मराठी, शेल. मोस्ट लिहिलेलं टिकलं होतं. कमांड दिली. पडद्यावर "जनरेटिंग" एवढी ओळ येऊन थांबली. हॉस्टेलवर हे काही सेकंदांत झालं होतं, इथे चांगला दीड मिनिट लागला, आणि तेवढा वेळ दादा डोक्यावरच्या बल्बकडे बघत होता. झालं. दोन्ही इमेजचे आकार पाहिले. नवीन जुनीच्या तिपटीहून मोठी. तिच्या आतली यादी काढून एएचसीआय शोधलं. आहे! मग पेन ड्राईव्ह काढला आणि मशीन रीस्टार्ट केलं. ग्रब. काळा पडदा. मी खरंच डोळे मिटले होते. धाकटी ओरडली, "ताई, उंदीर!" मला वाटलं दुकानात उंदीर निघाला. ती पडद्याकडे बोट दाखवत होती. एक्सएफसीईचं चिन्ह उंदीर असतं.

लिनक्स चालू झाल्यावर सगळं गोड झालं असं नाही. दादाचे जुने अर्जाचे नमुने वेगळ्या पेन ड्राईव्हवर असायचे म्हणून वाचले, असं आम्ही समजत होतो. ते एका गिऱ्हाइकाकडून परत आले, तर सगळे जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. त्यातले जास्त लागणारे सात-आठ आम्ही दोघांनी पाडव्याच्या दिवशी बसून नव्याने टाईप केले. म्हणजे त्याने केले, मी वाचून दाखवले, आणि माझं वाचन ऐकून तो दर ओळीला हसत होता. "प्रतिज्ञापत्र" मला तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

संध्याकाळी त्याने वहीतल्या सोळा जणांना एकेक करून फोन लावला. "हो, चालू झालं. या उद्या." बारा जण आले. चौघांनी काम आधीच दुसरीकडे करून घेतलं होतं. पहिला प्रिंट निघाला तो एका आजोबांच्या अर्जाचा. त्यांनी कागद उलटून-पालटून पाहिला, दादाला पैसे दिले आणि मला विचारलं, "तू काय वं, तो ड्रायव्हर आनला ती?"

भाऊबीजेनंतर निघाले. ओवाळणी म्हणून दादाने पाकीट दिलं. बसमध्ये उघडलं तर एसएसडीचे पूर्ण पैसे होते. मी त्याला फोन करून भांडले, तो "रेंज नाई, रेंज नाई" म्हणत राहिला.

आणि काकांचा पेन ड्राईव्ह. निघायच्या आधी त्यातलं डेबियन पुसून सगळी गाणी परत भरली होती, एकही गहाळ नाही, मी मोजून पाहिली होती. पण टेप गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाही, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतो. तो क्रम मी काही लिहून ठेवला नव्हता. पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला, मागून काकांचा आवाज. रोज सकाळी ट्रॅक्टर चालू केला की आधी विठ्ठलाचं गाणं लागायचं, आता वरातीतलं लागते म्हणे.

"तिले विचार," काका काकूंना सांगत होते, "याच्यातला बी ड्रायव्हर हरपला काय म्हना?"

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)